बपेऱ्याच्या शेतकऱ्याने खरेदी कोठे व कशी करावी

मृग जवळ आला की मध्य प्रदेशाच्या सीमेलगत असलेल्या बपेऱ्याच्या शेतकऱ्याची पावले तुमसरकडे वळतात. तालुक्याचे ठिकाण तेच व धानाची पेठही तीच. पितळेची भांडी घ्यावयाची झाल्यास त्यांसाठी प्रसिद्ध असलेले भंडारा आहे. कोशाचे कापड हवे असल्यास मोहाडी तालुक्यातील आंधळगाव आहे. लग्नाचा मोठा बस्ता बांधावयाचा तर नागपूर गाठावे.

परंतु भांडे वाईट निघाले तर पैसे बुडतात. बियाणे वाईट निघाले तर वर्ष बुडते. म्हणून धानाचे बियाणे परवानाधारक दुकानातूनच घ्यावे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीस निळी खूणचिठ्ठी असते. तिच्यावरील वाण, गट क्रमांक व मुदत वाचून पाहावी आणि पक्की पावती मागून घ्यावी.

पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. त्यांतील निदान ८० उगवले पाहिजेत. पावती, चिठ्ठी, रिकामी पिशवी व मूठभर बियाणे मळणी होईपर्यंत जपावे. उगवण फसल्यास कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करताना हाच पुरावा उपयोगी पडतो. उधारीच्या सोयीपायी शेतकरी बंधूंनी पावती सोडू नये.