तारेवाचून तार

‘तार’ हा शब्द ऐकला की अनेकांना रस्त्याकडेचे खांब, दारात आलेला तारवाला आणि घरभर पसरलेली धास्ती आठवते. आपल्याकडची ही सेवा २०१३ साली बंद झाली. परंतु विजेच्या तारेपूर्वी फ्रान्समध्ये तब्बल अर्धशतक तारेवाचून संदेश धावत असत. ती व्यवस्था उभारणारा गृहस्थ म्हणजे क्लोद शाप. त्याची पहिली वाट १७९४ साली पॅरिस ते लील अशी सुरू झाली. ही युक्ती नीट समजून घ्यावयाची तर एखादा डोंगर चढावा हे उत्तम.

फ्रान्सच्या पूर्वेस, व्होज पर्वताच्या कुशीत सावेर्न हे गाव आहे. तेथून ओ-बार किल्ल्याकडे पायवाट जाते. या पर्वतातील वाटांवर खुणा करून त्या राखणारा भ्रमणसंघ याच गावी १८७२ साली स्थापन झाला, त्यामुळे नवखा माणूसही सहसा चुकत नाही. चढ तासाभराचा. दोहों बाजूंस बीच आणि फर वृक्षांचे दाट रान, मधूनमधून तांबूस वालुकाश्माचे कडे. रानात शंभर पावलांपलीकडचे दिसत नाही. माथ्यावर येताच मात्र पूर्वेकडचे सारे मैदान एकदम उघडे होते. ठाणे येथेच का बांधले, याचे उत्तर त्या क्षणी मिळते. या तारेला खांब नकोत, नजर हवी.

किल्ल्यापासून जवळच तो मनोरा आहे. पॅरिस-स्ट्रासबुर्ग वाटेवरील सुमारे पन्नास ठाण्यांपैकी हे एक. १७९८ ते १८५२ पर्यंत ते चालू होते.

यंत्र साधे होते. उंच खांबावर सुमारे साडेचार मीटरांची एक फिरती तुळई, आणि तिच्या दोन टोकांना दोन लहान हात. तुळई आडवी किंवा उभी, आणि प्रत्येक हाताच्या सात जागा. म्हणजे एकूण ९८ आकृती. त्यांतील सहा कामकाजाच्या सूचनांसाठी राखल्या, की उरल्या ९२. संकेतकोशाची पाने ९२ आणि दर पानावर ओळी ९२. पहिली खूण पान सांगे, दुसरी ओळ. अशा रीतीने दोन खुणांत ८,४६४ शब्द वा वाक्ये सांगता येत. ठाण्यावरील माणूस दुर्बिणीतून शेजारच्या ठाण्याची आकृती पाही, तशीच आपल्या यंत्रावर उभी करी, आणि पुढच्याने ती बरोबर उचलली की नाही हे तपासी. धुके पडले किंवा रात्र झाली की सारे काम थांबे.

पण त्या माणसाला आपण काय सांगत आहोत हे ठाऊक नसे. कोश फक्त वरिष्ठ अधिकाऱ्यांपाशी. खालच्या बाजारातील लोकांनाही हलणारे हात दिसत, अर्थ कळत नसे. वार्ता सर्वांच्या डोक्यावरून जाई. ती होती मात्र सरकारची.

अशा गुपिताला भाव येणारच. १८३४ साली बोर्दो येथील ब्लां बंधूंनी तूर शहरातील एका तारवाल्यास लाच देऊन वश केले. पॅरिसच्या रोखेबाजारातील चढउतार कळविण्यासाठी तो सरकारी संदेशात एक खोटी खूण घुसवी आणि लागलीच दुरुस्तीची खूण देई. अधिकारी ती चूक समजून गाळीत. बोर्दोला मनोऱ्यावर नजर ठेवणारा साथीदार मात्र ती टिपून घेई. दोन वर्षांनी बिंग फुटले. १८३७ साली खटला झाला, परंतु सरकारी तारेच्या अशा वापराविरुद्ध कायदाच नसल्याने बंधू जवळजवळ मोकळे सुटले. त्याच वर्षी सरकारने संदेशवहनाचा मक्ता कायद्याने आपल्याकडे घेतला.

विजेची तार आली तेव्हा वेग वाढला, रात्र व धुके यांचा अडसर गेला, हे खरेच. पण त्याहून मोठा फरक १८५१ साली पडला. त्या वर्षी फ्रान्समध्ये ही तार सामान्य जनतेस खुली झाली. पैसे मोजून कोणीही आपली खबर धाडू लागला. पुढच्याच वर्षी ओ-बारचे हात थांबले. आज तेथे चढून जाणाऱ्याला यंत्राची कुशलता तर दिसतेच. पण कोणतेही नवे संदेशसाधन पाहताना त्याच्या वेगाबरोबरच त्याचा कोश कोणाच्या हाती आहे हेही विचारावे, एवढे भान घेऊन तो खाली उतरतो.