पडद्यावरचा चमत्कार आणि काळा धागा

मंडळी, तलवारबाजीचा किंवा जादूचा चित्रपट पाहताना आपली काय गत होते, ते आठवा. राजपुत्र तटावरून उडी घेतो, गालिचा आभाळातून जातो, राक्षस पाहता पाहता नाहीसा होतो. हे खरे नव्हे, हे पोरासोरांनाही कळते. तरी छाती धडधडते. ती का? आज एवढ्याच प्रश्नाचा विचार करू.

पहिली गोष्ट अशी, की अशक्य गोष्ट नेहमी ओळखीच्या खुंटीला टांगावी लागते. १९३६ सालचा 'मिस फ्रंटियर मेल' घ्या. ऑस्ट्रेलियात जन्मलेली नादिया त्यात धावत्या आगगाडीच्या टपावर गुंडांशी झुंजते. अंबरनाथ-बदलापूरहून रोज गाडीने कल्याण गाठणाऱ्या माणसाला गाडीचे हिसके ठाऊक असतात. दारात उभे राहिले तरी वारा कसा झोंबतो, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. मग टपावर काय होत असेल, हा हिशेब तो मनातच करतो आणि घाबरतो. घोड्याचेही तसेच. बदलापूर हे नाव घोडे बदलण्यावरून पडले, असे तिकडचे लोक सांगतात. घोडदौडीचे वेड आपल्याकडे मुळातलेच आहे.

दुसरी गोष्ट जिव्हाळ्याची. नुसती तलवार फिरली तर दोन घटकांत जांभई येते. ती कुणासाठी फिरते, हे कळले पाहिजे. होमी वाडियांच्या 'हंटरवाली'त (१९३५) राजकन्या चाबूक उचलते, ती कैदेत पडलेल्या बापासाठी. प्रभातच्या 'अमरज्योती'त (१९३६) दुर्गा खोटे यांची सौदामिनी समुद्री लुटारूंची राणी होते. पण आधी तिचे मूल तिला नाकारलेले असते. हरपलेले परत मिळावे, ही ओढ कुणालाही शिकवावी लागत नाही. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या आणि उल्हासनगरच्या छावणीत नव्याने चूल मांडलेल्या माणसांना तर नाहीच नाही.

तिसरी गोष्ट नियमाची. दिवा घासल्यावरच जिन यावा. दिवा हरवला, की नायक आपल्यासारखाच दुबळा व्हावा. जादूगाराला केव्हाही काहीही करता आले, तर मग काळजी कसली करायची? पत्त्यांच्या डावात दर हाताला हुकूम बदलला, तर खेळणारा उठून जातो. तसेच हे.

आणि चौथी गोष्ट कष्टाची. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांपुढे आणला. त्याच्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. कॅमेरा एका जागी रोवला आणि थांबून थांबून एकेक चित्र घेतले. सगळी चित्रे भरभर दाखवली, तेव्हा बी डोळ्यांदेखत उगवून वाढू लागले. शेतकऱ्याच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट, पण पडद्यावर ती चमत्कार ठरली! पुढे १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त बाबूभाई मिस्त्रींनी वस्तू अधांतरी हलवून दाखवल्या. युक्ती काय, तर काळ्या पार्श्वभूमीपुढे काळा धागा. लोकांनी त्यांचे नावच 'काला धागा' पाडले.

गुरुजी, इथे आपले काम सुरू होते. असले चित्रपट पाहून मुले बिघडतात, अशी ओरड आपण ऐकतो. मला वाटते, मुलांना पाहू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी विचारावे, "हे कसे केले असेल?" वहीच्या कोपऱ्यात पानोपानी जराजरा पुढे सरकणारा पक्षी काढायला सांगा. पाने सर्रकन सोडली, की पक्षी उडतो. फळ्यापुढे काळ्या दोऱ्याने खडू लोंबकळत ठेवा. शेवटच्या बाकावरून दोरा दिसत नाही. जवळ बोलावले, की दिसतो.

हा धडा वर्गाबाहेरही उपयोगी पडतो. गावात कुणी बाबा येतो, हवेतून अंगारा काढतो, आणि आजारी लेकराची आई दवाखाना सोडून त्याच्या पायांशी बसते. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तो असल्या फसवणुकीतून जीव जातात म्हणून. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो. लेकराच्या उशाशी घरचीच माणसे असतात. चित्रपटवाला तिकीट घेऊन सांगतो, की हा खेळ आहे. बाबा तसे सांगत नाही. दोघांतला फरक एवढाच, पण त्यावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो.

तेव्हा पुढचा जादूचा चित्रपट अवश्य पाहा, पोटभर घाबरा, टाळ्याही वाजवा. घरी परतताना मात्र मुलाला धागा शोधायला लावा. ज्याला धागा शोधायची सवय लागली, त्याची गंमत कमी होत नाही. आणि त्याला फसवणेही सोपे राहत नाही.