एका पत्त्यावर अख्खं घर

आजचा विषय कॅमेऱ्यापासून सुरू करू. नोकरी बंगळुरूला किंवा इंदूरला, आईवडील गावी. घराच्या दारावर कॅमेरा लावला, राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग'ही करून झालं, तरी बाहेरून तो काही दिसत नाही. कॅमेरा ठीक असतो. मग घोडं अडतं कुठे?

इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची, म्हणजे आयपीव्ही४ची, एकूण संख्या आहे सुमारे ४२९ कोटी. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्येच वाटून संपले. पण टंचाईची चाहूल आधीच लागली होती, आणि तिच्यावरचा उतारा १९९४मध्ये कागदावर आला: नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, थोडक्यात 'नॅट'. घरातल्या उपकरणांना आतले पत्ते द्यायचे, १९२.१६८ने सुरू होणारे वगैरे. हे पत्ते घरोघरी तेच असतात, बाहेर चालत नाहीत. बाहेर सगळ्यांचा मिळून एकच.

तुमच्यातल्या जुन्या मंडळींना पी.पी. नंबर आठवत असेल. फोन शेजारच्या काकूंकडे, नंबर सगळ्या मजल्याचा. नॅट तसंच आहे, पण एक मोठा फरक आहे. काकू तुम्हाला नावानं ओळखायच्या. राउटर कुणालाच ओळखत नाही, त्याला फक्त वही वाचता येते.

ती वही अशी. लॅपटॉप (१९२.१६८.१.५) एक पान मागवतो, स्वतःचा पोर्ट ५१००० लावून. राउटर पाकिटावरचा पत्ता खोडून स्वतःचा घालतो, पोर्ट ४०००१ करतो आणि वहीत नोंद ठेवतो. त्याच वेळी मोबाइलनंही ५१०००च वापरला, तर त्याला ४०००२. उत्तर ४०००१वर आलं की वही बघायची, लॅपटॉपकडे पाठवायचं. बराच वेळ हालचाल नसेल तर नोंद पुसली जाते.

आता बाहेरून कुणी आपणहून आलं तर? वहीत नोंदच नाही, पाकीट टाकून दिलं जातं. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे वहीत हातानं लिहिलेली कायमची नोंद. (यालाच काही जण सुरक्षा समजतात. पण आत शिरलेला व्हायरस स्वतःच बाहेर फोन लावतो, आणि राउटर त्याचीही नोंद निमूटपणे करतो.)

मग ती नोंद करूनही कॅमेरा का दिसत नाही? राउटरच्या पानावर 'वॅन' पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या टापूतला असेल, तर तुमच्या कंपनीनं आणखी वर एक नॅट बसवलं आहे, कित्येक ग्राहकांचं मिळून एक. त्याला म्हणतात कॅरियर ग्रेड नॅट. ती वही कंपनीच्या हातात, तुमची नोंद तिथे पोचतच नाही. बरेचसे कॅमेरे यातून वाट काढतात ती उलटी: कॅमेराच आतून आपल्या कंपनीच्या सर्व्हरला फोन लावून ठेवतो. चालतं छान, पण मग आईवडिलांच्या दाराची किल्ली त्या खात्याच्या पासवर्डात असते. तो निदान फोन नंबर ठेवू नका!

या सामायिक पत्त्याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. फसवणुकीच्या तक्रारीत नुसता आयपी पत्ता आला, तर त्यामागे कित्येक घरं असू शकतात. नेमका पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ असल्याशिवाय बोट कुणाकडे दाखवायचं? एकानं गैरवापर केला आणि एखाद्या संकेतस्थळानं पत्ता अडवला, तर शेजाऱ्यांनाही दार बंद.

उपाय दोन. कंपनीकडून जादा पैसे भरून स्थिर पत्ता घ्यायचा, किंवा आयपीव्ही६ चालू करायचं. त्यात पत्ता १२८ बिटांचा, प्रत्येक उपकरणाला स्वतःचा, वाटून घ्यायची गरजच नाही. मोबाइलवर भारतात ते सर्रास चालतं. फक्त तिथे नॅटची आडकाठी नसते, म्हणून राउटरची फायरवॉल चालू आहे का ते आधी बघा, आणि मगच कॅमेऱ्याला मोकळं करा.