धुळीपासून प्रारणापर्यंत

किरण हा शब्द ‘कॄ’ या धातूपासून आला. कॄ म्हणजे विखुरणे, उधळणे. ऋग्वेदात किरण हा बारीक धूळ आणि धागा अशा अर्थांनीही येतो. आज मनात पहिला येणारा उजेडाच्या रेघेचा अर्थ पुढे रुळला. अमरकोशातली किरणाच्या प्रतिशब्दांची ओळ उलगडली, की असे मूळ अर्थ बरेच निघतात. रश्मी म्हणजे दोरी, घोड्याचा लगाम. सूर्याला रथ दिला, तेव्हा लगामही आलेच. मयूख म्हणजे खुंटी. अंशू म्हणजे सोमवल्लीची काडी किंवा तंतू. गभस्ती आणि कर म्हणजे हात. उजेड हातात धरता येत नाही, म्हणून त्याला नावे दिली ती हाताला लागणाऱ्या वस्तूंची.

मराठीने हे शब्द बारशाला आणि कवितेला ठेवले. रोजच्या बोलण्यात मात्र तिने वेगळाच हिशेब मांडला: उजेड कुठून आला, किती आला, कोणत्या वेळी आला. कौलाच्या फटीतून जमिनीवर पडतो तो कवडसा, तिरपी येते ती तिरीप, एकवटून अंगावर येतो तो झोत. दिवा मिणमिणतो, चांदणी लुकलुकते, वीज लखलखते, दागिना झळाळतो. चांदणे टिपूर किंवा पिठूर असते. सकाळ तर पायरीपायरीने होते: झुंजुमुंजू, मग तांबडं फुटणं, मग फटफटणं. सूर्य क्षितिजाखाली असतानाच उंचावरची हवा त्याचा उजेड विखरून आपल्याकडे पाठवते, म्हणून या पायऱ्या दिसतात. या विखुरण्याला शास्त्रात प्रकीर्णन म्हणतात. तोही ‘कॄ’चाच वंशज. कवडशातली रेघ दिसते तीही हवेतल्या धुळीने उजेड विखुरल्यामुळे. स्वच्छ निर्वात जागेत बाजूने पाहणाऱ्याला किरण दिसणारच नाही. धूळ हा किरणाचा जुना अर्थ असा भौतिकशास्त्रातही तग धरून आहे.

‘ऊन’ची गोष्ट आणखी वेगळी. तो उष्णपासून आला. म्हणून ताटातला भातही ऊन असतो आणि अंगणातही ऊन पडते. उजेड आणि ऊब एकाच शब्दात नांदतात. १८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या रंगपटात तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे, तापमापक ठेवला आणि पारा चढला. ते अवरक्त किरण. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत त्यांचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. पुढच्याच वर्षी योहान रिटरला जांभळ्याच्या पलीकडचे किरण सापडले, तेही सिल्व्हर क्लोराइड काळे पडले त्यावरून. मराठी विश्वकोश त्यांना ‘जंबुपार’ म्हणतो. जांभळाच्या पार जाणारा हा शब्द सुरेख आहे, पण रूढ झाला तो अतिनील.

१८९५च्या नोव्हेंबरात व्हिल्हेल्म राँटगेनला जे किरण सापडले, त्यांचे स्वरूप कळेना, म्हणून त्याने त्यांना बीजगणितातल्या अज्ञाताचे अक्षर दिले. आपल्या बीजगणितात अज्ञात राशी म्हणजे क्ष, त्यामुळे क्ष-किरण. दुसऱ्याच वर्षी हेन्री बेक्वेरेलला युरेनियममधून आपोआप बाहेर पडणारे किरण आढळले. त्यांतले अल्फा आणि बीटा हे खरे तर कण निघाले. नाव किरणांचेच राहिले.

इथून मराठीत एक घोळ सुरू झाला. तरंगरूपाने पसरणाऱ्या ऊर्जेला विश्वकोशाने ‘प्रारण’ हा शब्द दिला. चुलीची धग, रेडिओच्या लहरी, पणतीचा उजेड, क्ष-किरण हे सगळे प्रारण. किरणोत्सर्ग म्हणजे अणुगर्भ आपोआप फुटत, बदलत जाताना जे बाहेर टाकतो ते. पण रोजच्या वापरात मोबाइलच्या टॉवरलाही सर्रास किरणोत्सर्ग चिकटतो, आणि वाचणाऱ्याला चेर्नोबिल आठवते. टॉवरमधून निघतात त्या रेडिओलहरी. त्यांच्या एका पुंजाची (फोटॉनची) ऊर्जा पणतीच्या उजेडातल्या पुंजापेक्षाही कितीतरी कमी. अणूतून इलेक्ट्रॉन उखडायची ताकद तिच्यात नाही. टॉवरची तीव्रता किती असावी, मर्यादा पाळल्या जातात का, हे प्रश्न जरूर विचारावेत. पण ते प्रारणाचे प्रश्न आहेत. उजेडाच्या प्रत्येक छटेला वेगळे नाव देणाऱ्या भाषेने घाबरतानाही एवढा फरक करायला हरकत नाही.