आयुर्वेदिक औषधांची मुदत कशी पडताळतात?

आयुर्वेदिक औषध कधीच जुने होत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात शार्ङ्गधरसंहितेनेच या औषधांना कालमर्यादा घालून दिली आहे. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर, तर गुटी व अवलेहाचे एका वर्षानंतर क्षीण होते. आसवे मात्र जुनी झाल्यावर अधिक गुणकारी ठरतात, असे हा ग्रंथ सांगतो.

औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांमध्ये २००९ साली ‘१६१ बी’ हा नियम समाविष्ट करण्यात आला आणि वेष्टनावर वापराची मुदत छापणे बंधनकारक झाले. अशी मुदत शास्त्रीय कसोटीवर पडताळण्यासाठी स्थिरता चाचणी घेण्यात येते. वेगवर्धित चाचणीत औषध ४० अंश सेल्सिअस तापमान व ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत सहा महिने ठेवून त्यातील ओलावा, जंतू आणि घटकद्रव्यांचे प्रमाण ठरावीक अंतराने तपासले जाते.

रासायनिक गोळीत बहुधा एकच क्रियाशील द्रव्य मोजावे लागते. त्रिकटू चूर्णात मात्र सुंठ, मिरी व पिंपळी यांतील अनेक द्रव्ये एकत्र असतात. त्यामुळे मिरी-पिंपळीतील पायपेरीन हे सूचक द्रव्य मोजतात. परंतु पायपेरीन टिकले म्हणून सुंठीतील सुगंधी तेलही टिकले, असे म्हणता येत नाही. यासाठी क्रोमॅटोग्राफीद्वारे संपूर्ण औषधाचा आलेख घेऊन तो मूळ आलेखाशी ताडून पाहिला जातो.

ही मुदत बंद वेष्टनापुरती असते. उघड्या डब्यात ओलावा शिरल्यास छापील तारखेवर विसंबणे रुग्णाच्या हिताचे नाही.