कर्नल कधी अपग्रेड करायचा?

लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडणारा प्रश्न आज घेऊ. नवा कर्नल आल्याची सूचना दिसते. तो लगेच घ्यायचा की थांबायचं?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. डिस्क, मेमरी, प्रिंटर, नेटवर्क यांच्याशी प्रत्येक प्रोग्रामचा व्यवहार त्याच्यामार्फत चालतो. म्हणून त्यातली चूक अख्ख्या संगणकाला भोवते.

समजा, भिलाईजवळच्या उतईत एक छोटं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. लिनक्सच्या एकाच संगणकावर फॉर्म भरले जातात, दाखले छापले जातात, अंगठ्याचे ठसे घेतले जातात. उद्या प्रवेशअर्जाची शेवटची तारीख आहे. आज कर्नल बदलला आणि ठशांचं यंत्र चालेनासं झालं, तर रांगेतल्या मुलांचं नुकसान. अपग्रेड टाळतच राहिलं, तर लोकांची कागदपत्रं धोक्यात.

दोन्ही भीती खऱ्या आहेत. मार्च २०२२ मध्ये ‘डर्टी पाइप’ हा दोष जाहीर झाला. संगणकावर साधं खातं असलेला माणूसही त्यातून पूर्ण ताबा मिळवू शकत होता. हा दोष ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये होता, जुनी ५.४ मालिका त्यातून सुटली. दुसरी घटना डिसेंबर २०२३ ची. ६.१.६४ या कर्नलमुळे ईएक्सटी४ फाइल सिस्टिममधला डेटा बिघडू शकतो हे लक्षात आलं, तेव्हा डेबियनने १२.३ ही आवृत्ती ऐनवेळी थांबवली आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त १२.४ आणली.

म्हणजे ‘नवं ते सुरक्षित’ हेही खरं नाही आणि ‘जुनं ते सोनं’ हेही नाही. मग ठरवायचं कसं?

आधी आकडा वाचा. ६.१.६४ मध्ये ६.१ ही मालिका, ६४ हा तिच्यातल्या दुरुस्तीचा क्रमांक. त्याच मालिकेतली सुरक्षा दुरुस्ती असेल, तर ती काही दिवसांतच घ्या. संगणक अनेकजण वापरत असतील, तर आणखी लवकर. मालिकाच बदलणार असेल, तर घाई नको. नवी मालिका साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतच असते. ती तीन कारणांसाठी घ्या: नवं हार्डवेअर चालत नाही, तुम्हाला छळणारा दोष तिथे दुरुस्त झालाय, किंवा सध्याच्या मालिकेच्या दुरुस्त्या बंद होणार आहेत.

एक खाचखळगा लक्षात ठेवा. डेबियन, उबुंटूसारखे वितरक पुष्कळदा नवी दुरुस्ती जुन्या क्रमांकाच्या कर्नलमध्येच बसवून देतात. त्यामुळे नुसता आकडा पाहून घाबरू नका. वितरकाची सुरक्षा सूचना वाचा.

आता वेळ. भिलाईच्या पोलाद कारखान्यात मोठी दुरुस्ती शटडाउनचं नियोजन करून होते. आपणही तेच करू. काम नसलेला दिवस निवडा, बॅकअप घ्या, जुना कर्नल काढू नका. संगणक रीस्टार्ट केल्याशिवाय नवा कर्नल लागू होत नाही, एवढं विसरू नका. मग प्रिंटर, नेट, ठशांचं यंत्र एकेक तपासा. काही अडलं, तर पुन्हा रीस्टार्ट करून ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडा. तेवढ्यावर काम सुरू राहील आणि दोष शांतपणे शोधता येईल.

परतीची वाट तपासलेली नसेल, तर अपग्रेडची वेळ अजून आलेली नाही. आज फक्त तेवढंच करा: ग्रबच्या मेनूत जुना कर्नल दिसतो का, ते पाहा.