चोपलेली काळी माती आणि विषारी धातू

आमच्या एका सभासद बंधूंच्या विहिरीशेजारीं एका कारखान्याचा टाकाऊ गाळ पडावयाचा आहे. कारखानदार म्हणतात, "खालीं काळी माती चोपून घालूं, मग विहिरीस धोका नाहीं." संमति द्यावी काय, असें बंधूंनीं आम्हांस विचारलें आहे.

कारखानदारांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. आपल्या काळ्या जमिनींतील चिकणमाती अतिसूक्ष्म पापुद्र्यांची बनलेली असून त्यांवर ऋण विद्युद्भार असतो. पाण्यांत विरघळलेलें शिसें, तांबें, जस्त, कॅड्मियम हे बहुधा धनभारित असल्यानें पापुद्र्यांस चिकटून राहतात. पालाश धरून ठेवण्याचा या जमिनीचा गुण तोच हा. चुनखडीमुळेंही बरेंचसें शिसें विरघळलेलें न राहतां मातींतच बसतें. त्यांत, वापशाहून किंचित अधिक ओल असतां ढेकळें पुरतीं फोडून जड रुळानें थरावर थर दाबले, म्हणजे पाण्याच्या वाटाच बुजतात. (पेरणीच्या शेतांत मात्र हा प्रयोग नको, आमच्या ट्रॅक्टरांनीं तो पुष्कळ केला आहे!) शहरी कचऱ्याच्या भरावासाठीं २००० सालच्या सरकारी नियमांनीं ९० सेंटिमीटर जाडीचा असा थर सांगितला व त्याची पाझरक्षमता सेकंदास सेंटिमीटरच्या एक कोट्यांशाहून अधिक नसावी असें ठरविलें. वर पाणी तुंबलें नाहीं, तर हा पाझर वर्षास सुमारें सव्वा इंच होतो. परंतु त्याच नियमांनीं त्या थरावर दीड मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पडदाही सांगितला, हें कारखानदार सांगत नाहींत.

आणि काळ्या मातीच्या उन्हाळ्यांतील भेगा आम्ही शेतकऱ्यांस नव्यानें काय सांगाव्या? थर उघडा पडून वाळला, कीं पहिल्याच पावसाचें पाणी भेगांतून सरळ खालीं. गाळ आम्लधर्मी असेल तर मातीनें धरलेली धातू पुन्हा सुटते. क्रोमेट रूपांतील क्रोमियम तर स्वतःच ऋणभारित. त्यास ही माती जवळ करीत नाहीं. तामिळनाडूंत राणीपेट येथें गेल्या शतकांत क्रोमेट कारखान्याच्या गाळाचे ढीग पडले आणि त्यांतील क्रोमियम भूजलांत उतरलें.

म्हणून गाळांत कोणकोणत्या धातू आहेत व तो आम्ल आहे काय, हें लेखी मिळेपर्यंत बंधूंनीं संमति देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. विहिरीचें पाणी मात्र आजच, गाळ पडण्यापूर्वीं, प्रयोगशाळेंत तपासून दाखला जपून ठेवावा. पुढें तंटा उपस्थित झाला, तर पूर्वीचें पाणी कसें होतें हें दाखविण्यास दुसरें साधन राहत नाहीं.